उजवीकडची शिवण

क्रांती चौकातून थोडं आत आलं की माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. मागं कॉलेज, वर क्लासेस, समोर चहाची टपरी. मार्च ते जून पाणी प्यायला फुरसत नसते. प्रोजेक्ट, थीसिस, कोर्टाची कागदपत्रं, कुणाच्या आजोबांच्या हस्तलिखित कविता, जे येईल ते मी बांधून देते. शहराचं नाव बदललं त्या वर्षी सोनेरी अक्षरांचे ठसे नव्यानं करून घेतले आणि काम पुढं चालू ठेवलं. कशात फार अडकून राहणं माझ्या स्वभावात नाही. तरी एक गोष्ट गेली दोन वर्षं मनातून जात नाही. ती मी कुणाला सांगितली नाही, कारण सांगताना माझीच मान खाली जाते. लिहून टाकणं त्यापेक्षा सोपं आहे.

आमच्या शहरातल्या बाइंडरला दोन्ही बाजूंनी शिवता यावं लागतं. मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकाची शिवण डावीकडं. उर्दू पुस्तकाची उजवीकडं, कारण ते उजवीकडून वाचायचं. मी हे काम गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या एका चाचांकडं शिकले. तेव्हाच त्यांची दाढी पांढरी होती, आता ते ऐंशीच्या घरात असतील. सुई हातात देण्याआधी त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. कागद समोर आला की आधी विचारायचं, "किताब किधर से खुलती?" मग भोकं पाडायचा टोच्या उचलायचा.

पहिली काही वर्षं मी प्रत्येकाला विचारलं. मग विचारणं बंद झालं. बुरखा दिसला, टोपी दिसली, वरच्या पानावरचं नाव दिसलं की मला कळायचं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत माझी बाजू ठरलेली असायची. याचा मला अभिमान होता. बायका पातेल्याच्या आवाजावरून भात झाला ते सांगतात, तसलाच अभिमान.

ती मुलगी मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी आली. वीस-एकवीसची असेल. कपाळाला टिकली, घट्ट वेणी, बोलणं सिल्लोडकडचं. फर्दापूरची होती, इथं होस्टेलला राहून शिकत होती. साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीतून तिनं जाड कागदांचा गठ्ठा काढला आणि काउंटरवर ठेवायच्या आधी ओढणीनं काउंटर पुसला.

"मावशी, हे हातचं हाय. झेरॉक्स नाय. दुसरी कापी बी नाय."

बासष्ट कागद होते, चित्रं एकाच बाजूला, काळ्या शाईची. प्रत्येक पानावर चौकोन आखलेले आणि त्या चौकोनांतून पुढं सरकणारी गोष्ट. शब्द जवळजवळ नव्हतेच. एक दगड विकणारा माणूस, त्याचा ठेला, रस्ता, बस.

"कॉमिक का?" मी विचारलं.

"जपानी पद्धतीचं हाय. मांगा म्हणत्यात."

मला तो शब्द माहीत होता. मोठ्या डोळ्यांची, उभ्या केसांची जपानी पोरं रंगीत छापून न्यायला क्लासची मुलं रोज येतात, लॅपटॉपवर चिकटवतात, दप्तरावर लावतात. अशी शेकड्यानं चित्रं मी छापली आहेत. ती कुणी काढली हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या मुलीनं न विचारता सांगितलं. मशीन गरम होत होतं, तेवढ्या वेळात. तिच्या वडलांचा फर्दापूरला लेण्यांच्या वाटेवर दगडांचा ठेला आहे, आतून चमकणारे जांभळे-पांढरे दगड पर्यटकांना विकतात तो. ती चौथीत असताना एक जपानी पाहुणा तिथं बसची वाट बघत बसला आणि उठून जाताना एक जाड पुस्तक विसरून गेला. वडलांनी ते पिशवीत घालून खिळ्याला टांगलं. परकं सामान आहे, माणूस परत येईल, म्हणून दोन हंगाम सांभाळलं. तो आला नाही. मग पुस्तक हिचं झालं. अक्षर एक कळत नव्हतं. तिनं ते चित्रांवरून वाचलं, आणि पान उजवीकडून उलटायचं हेही चित्रांनीच शिकवलं. मोठी झाल्यावर फोनवर शोधलं तेव्हा कळलं की हा चित्रकार कुणी साधासुधा नाही. आता म्हातारा झालाय. त्याची पुस्तकं कुठल्या कुठल्या भाषांत गेलीत, युरोपातल्या लोकांनी त्याला बोलावून मोठा मान दिला, आणि दुसऱ्या देशांतले चित्रकार त्याचं बघून शिकले.

"आता त्याच्या गावच्या संग्रहालयात एक खोली करायलेत," ती म्हणाली. "दर देशातून एका वाचकाचं पुस्तक. हातानं काढलेलं, हातानं शिवलेलं. मी तीन पानं धाडली होती फोनवरून. त्यांनी आपल्या देशातून माझं घेतलं."

"वा," मी म्हणाले. एक डोळा मशीनवर होता. "कधी पाहिजे?"

"उद्या. शुक्रवारी कुरिअर गेलंच पायजे. मावशी, अजून एक सांगायचंय, हे जरा उलटं..."

"तू नको सांगू गं. तू चित्रं काढ, मी शिवते. ज्याचं काम त्यानं करावं."

तीन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली. मुलगीही हसली, आणि गेली.

गुरुवारी सकाळी मी गठ्ठा हातात घेतला. कागदाच्या उजव्या कडेला दोन बोटं रुंद कोरा समास होता. डाव्या कडेला चित्र पार काठापर्यंत. आणि त्या कोऱ्या समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, सारख्या अंतरावर, शिवणीची भोकं कुठं पाडायची त्याचे. बासष्ट कागदांवर, पट्टी लावून. मी ते पाहिले. न पाहिल्याचं इथं लिहू शकले असते, कोण तपासणार होतं? पण मी ते पाहिले आणि म्हटलं, पोरीनं समास भलत्याच बाजूला सोडलाय. दरवर्षी निम्मी मुलं अशीच करतात. मग मीच सावरून घेते.

तसं मी सावरून घेतलं. डावीकडं भोकं पाडली, चित्रांतून. दुहेरी दोऱ्यानं पक्कं शिवलं, अंगठाभर चित्र शिवणीत गेलं. मग गठ्ठा कटिंग मशीनमध्ये घातला, चाक फिरवलं आणि उजवीकडचा कोरा समास एका घावात खाली पडला. कड अशी आली की बोट फिरवावं. कागद चांगला होता, म्हणून त्या पट्ट्या टाकल्या नाहीत, लेबलांना होतील म्हणून रबर लावून ठेवल्या. निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवला. एका अडाणी पोरीची चूक न बोलता निस्तरली, असं वाटून मी जेवायला बसले.

चार वाजता ती आली. पुस्तक हातात घेतलं आणि उघडायला उजवी बाजू धरली, तर तिथं शिवण नव्हती. तिनं ते फिरवलं. दुसऱ्या बाजूनं उघडलं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. बोट घेऊन ती प्रत्येक पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जात होती.

तिथं काय होतं हे मला तेव्हाच दिसलं. तिच्या पद्धतीत पान उजवीकडून डावीकडं वाचायचं, म्हणजे शेवटचा चौकोन डावीकडं खाली. तिच्या गोष्टीतला ठेलेवाला एका विसरलेल्या पुस्तकाच्या मालकाची वाट बघतो. दर पानाच्या शेवटच्या चौकोनात बस थांबते आणि कुणीतरी उतरतं. तो आहे का, हे बघायला पान उलटायचं. सगळी उतरणारी माणसं माझ्या शिवणीत गेली होती. बसचं दार दिसत होतं, दारातला चेहरा नाही.

"मावशी, हे उजवीकडून पायजे होतं."

मला नंतर कळलं असं नाही. त्याच क्षणी कळलं. उजवीकडून शेकडो पुस्तकं शिवलेल्या बाईला ते एक वाक्य पुरे होतं. पण तोंडातून निघालं ते हे:

"मग नीट सांगायचं ना गं आधी. इथं आठ-आठ गिऱ्हाइकं असतात, कुणाकुणाचं लक्षात ठेवू? आणि यात वाचायचंय काय? चित्रं तर आहेत. कुठूनही बघा."

एक वकिलीचा विद्यार्थी उभा होता, बुधवारीही तोच होता. तो म्हणाला, "काकू, जपानला कोण बघतंय डावं-उजवं!" आणि मी हसले. हेही लिहायला हवं. मी हसले.

मुलगी म्हणाली, "व्हय. माझंच चुकलं. मी चिठ्ठी लावायला पायजे होती." तिनं पुस्तक त्याच साडीच्या पिशवीत घातलं, तोंड नीट दुमडलं आणि पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी तिचा नंबर दोनदा लावला आणि वाजायच्या आधी तोडला. शनिवारी चाचा आले. जाड गठ्ठे कापायला ते माझ्या मशीनवर येतात, त्यांचं हातमशीन आता त्यांना ओढवत नाही. टेकले आणि चहा येईपर्यंत काउंटरवरचा पट्ट्यांचा गठ्ठा चाळायला लागले. कागद चांगला दिसला की त्यांचा हात आपोआप जातो.

"ये कौन काटा?"

"मी."

"निशान लगे सो हैं."

"हो."

"सीधे हाथ कू."

"हो, चाचा. उजवीकडं."

"पूछी नईं?"

मी म्हटलं, "मुलगी मराठी होती."

चाचांनी चष्मा काढला. ते रागावले असते तर मला बरं झालं असतं. म्हणाले, "मैं तेरेकू किताब से पूछने कू बोला था, बेटी. सूरत से नईं."

चहा आला, त्यांनी प्यायला. मग कामाचं बोलले. पट्ट्या आहेत ना सगळ्या? मग शिवण सोडायची, पट्टी पुन्हा कडेला बसवायची, मागून पातळ कागद आणि खळ. जुन्या पोथ्या, जुनी कुराणं अशीच दुरुस्त होतात. तीन दिवसांचं काम. "बच्ची कू बुला."

शुक्रवार होऊन गेला होता. मी स्वतःला सांगितलं, आता बोलावून उपयोग काय? पूर्ण आठवडा मी हेच सांगत राहिले. काम होतं, परीक्षा तोंडावर होत्या, सगळं खरं होतं. होस्टेलवरची एक मुलगी झेरॉक्सला आली, तिच्याकडून कळलं की ही त्या गुरुवारीच गावी गेली ती परत आलीच नाही. तेव्हा कुठं पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवलं, पट्ट्या पर्समध्ये घातल्या आणि एसटीनं फर्दापूर गाठलं.

ठेला सापडायला वेळ लागला नाही. वडील दगडांवर पाणी मारून ते पुसत होते. मी दुकानाचं नाव सांगितलं तशी त्यांनी स्टूल रिकामं केलं, शेजारच्याला हाक मारली.

"अरे, ह्या त्या बाई! पोरीचं पुस्तक ह्यांनीच शिवलं. च्या सांग बरं फक्कड." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "बाई, तुमचा काय इलाज नव्हता. पोरीनंच कागद उलटे आखले, मग तुम्ही तरी काय करणार? तिची आई लई बोलली तिला. सालभर काढलं आन शेवटाला आंधळ्यावानी घाण केली म्हणली. मी बी बोललो. दोन दिस जेवली नाय."

मी स्टुलावर बसलेली. हातात चहा. मागं तो खिळा दिसत होता, रिकामा.

"तिनं सांगितलं असं?" मी विचारलं.

"व्हय. बाईंनी तर चांगलं शिवलं म्हणली."

तेवढ्यात ती आली, पाण्याची कळशी घेऊन. मला बघून थांबली, कळशी खाली ठेवली. मी विचारलं, पाठवलं का?

"नाय."

"का गं? तसंच पाठवायचं होतं. चित्रं तर चांगली..." इथं मी थांबले, कारण पुन्हा तेच बोलायला लागले होते.

"मावशी, आधी परदेशात त्या जपानी बाबाची पुस्तकं आरशात धरल्यावानी उलटी करून छापायचे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यांच्या लोकांना सोपं पडावं म्हणून. मग उजव्या हातातली तलवार डाव्या हातात. काळजावर हात ठेवला तर तो भलत्याच बाजूला. त्याला ते पटलं नाय. बंद करायला लावलं त्यानं. आता कुठल्या बी देशातला माणूस असू द्या, त्याचं पुस्तक त्याच्याच बाजूनं उघडतो. आन मी त्याच्या खोलीत डावीकडून उघडणारं ठिवू व्हय?"

"थोडे दिवस मागून घ्यायचे होतेस."

"मागितले. मांडणी झाली म्हणले."

मग मी जे काउंटरवर बोलायला हवं होतं ते बोलले, तिच्या वडलांसमोर, आणि चहा आणून देणारा शेजारी उभा होता त्याच्यासमोर. समास बरोबर बाजूला होता. खुणा केलेल्या होत्या. मी त्या बघितल्या होत्या. ती सांगत होती, मी तिला गप्प केलं. आणि चूक कळल्यावर ती तिच्यावर ढकलली.

वडलांनी हातातला दगड खाली ठेवला नाही, नुसता पुसत राहिले, कोरडा झाला तरी. पुसता पुसताच मुलीला म्हणाले, "मग तू तसं का म्हणलीस?"

ती म्हणाली, "मावशीनं चार लोकांत सांगितलं माझं चुकलं म्हणून. मला वाटलं, चुकलंच असल. एवढ्या वर्षाचं दुकान हाय त्यांचं."

मी पर्समधून पट्ट्या काढून दिल्या. तिनं रबर काढला आणि तिथंच उकिडवी बसून मोजल्या. बासष्ट. चाचा काय म्हणाले ते मी सांगितलं. तिनं लगेच हो म्हटलं नाही. कळशी उचलून घरात गेली, थोड्या वेळानं निळं पुस्तक घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चाचा शिवत्यान ना? तुम्ही नाय ना?"

"चाचा," मी म्हटलं.

चाचांच्या दुकानात ते काम तीन नाही, पाच दिवस चाललं. मी सकाळी खळ शिजवून नेत होते आणि पातळ कागद कापून देत होते. सुईला मला हात लावू दिला नाही. चाचांनी बोलून दाखवलं नाही, सुई मुलीच्या हातात दिली एवढंच. टोच्या कसा धरायचा, दोऱ्याला मेण किती, ताण किती, सगळं तिला शिकवलं. शिवण तिनं घातली, उजवीकडून, स्वतःच्या पेन्सिलीच्या ठिपक्यांतून. चाचा मधूनच म्हणायचे, "हाथ अच्छा है बच्ची का." मी कोपऱ्यात कागद कापत होते. मी शिकायला आले तेव्हा मलाही ते हेच म्हणाले होते.

पुस्तक पुरं झालं. जोड दिसतो. प्रत्येक पानावर उजवीकडं एक बारीक उभी रेघ आहे, आणि डावीकडं माझ्या भोकांची रांग. बसमधून उतरणारी माणसं परत आली, पण प्रत्येकाच्या कपाळावर किंवा गालावर एक भोक आहे. त्याचं काही करता आलं नाही. कॅलेंडरच्या एका पानाच्या मागं तिनं संग्रहालयाला, आता तरी घ्याल का असं विचारणारं पत्र लिहिलं होतं, ते पाठवलं की नाही मला माहीत नाही. पुढं त्या खोलीचा फोटो तिनं एकदा फोनवर दाखवला. एका लांब फळीवर पुस्तकं मांडलेली, कुठल्या कुठल्या देशांची, सगळ्यांची शिवण उजवीकडं. आपल्या देशाचं नाव त्यात शोधायचं धाडस मी केलं नाही. तिनंही बोट ठेवून दाखवलं नाही.

ती आता बाइंडिंग स्वतः करते. माझ्याकडं झेरॉक्सला येते. ते पुस्तक फर्दापूरला ठेल्यावर असतं, पिशवीत, त्याच खिळ्याला. या हिवाळ्यात आली तेव्हा सांगत होती, एक जपानी म्हातारी ठेल्यावर आली, पिशवी खाली काढायला लावली आणि कुणी न सांगता बरोबर बाजूनं पुस्तक उघडलं. उभ्यानं बासष्ट पानं बघितली. बसवाला हॉर्न वाजवून दमला. मग त्या म्हातारीनं भोकांवर बोट ठेवलं आणि हातानं विचारलं, हे काय?

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं. माझ्या हातात तिचे कागद होते.

"भाषा कुठं येती मला? हातानं उंदीर करून दाखवला. कुरतडलं म्हणलं. लई हसली ती."

तीही हसत होती. मनात काही ठेवून नव्हती सांगत, खरंच मजा वाटली होती तिला. मी कागद जुळवले, स्टेपलर उचलला आणि विचारलं, "कुठल्या बाजूला मारू?" अर्ज होता साधा, मराठीतला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डावा कोपरा दाखवला.

ती गेल्यावर उंदराचाच विचार करत होते. उंदीर परवडला. तो कागद कुरतडतो, पण चूक कागदवाल्याची म्हणून सांगत नाही.